थायरॉईडवाल्यांना शेंगदाणे बंद

मला थायरॉईड आहे, हे राई गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगत फिरले म्हणून नव्हे, लोकांनी माझ्या आवाजावरून ओळखलंय. अंगणवाडीच्या दारातून मी एकदा ओरडले की खाडीकडच्या शेवटच्या घरातली बाईसुद्धा म्हणते, "बाईंनी आज गोळी घेतली नाही वाटतं." आता गोळी मी आठ वर्षांत एक दिवस चुकवलेली नाही. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा घ्यायचा नसतो, आणि त्या अर्ध्या तासात आमच्या घरी कुणी तोंड उघडत नाही. आत्माराम, म्हणजे आमचे हे, घड्याळाकडे बघत गॅसजवळ उभे असतात. एकोणतिसाव्या मिनिटाला चहाला उकळी येते.

माझ्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, हा राग थायरॉईडमुळे येतो का. ते म्हणाले, थायरॉईड कमी असला तर माणूस उलट मंद होतो, गार पडतो, सुस्तावतो. राग तुमचा स्वतःचा आहे. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही.

मी वासंती शिगवण, भाईंदरजवळच्या राईच्या अंगणवाडीची सेविका. बावीस वर्षांत अर्धं गाव मी काट्याला टांगलंय. तुळईच्या हुकाला घड्याळासारखा गोल काटा अडकवायचा, त्याला कापडी चड्डी लटकवायची आणि तिच्यात पोर बसवायचं. पोरं म्हणजे काय विचारता. लाथा झाडतात, माझा चष्मा ओढतात, एकाने तर माझ्या नव्या साडीवर सगळा हिशोब मोकळा केला होता. काट्याची सुई कधी एका जागी थांबत नाही, तिच्याकडे डोळे लावून अंदाजाने आकडा पकडावा लागतो. मग तो वजनाच्या वहीत लिहायचा आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात एखादा शब्द. सर्दी, गावी गेली, दात येतात, असं काहीतरी.

सान्वीचं मात्र सोपं होतं. चड्डीत बसवली की ती तशीच बसायची, सुई एका झटक्यात थांबायची. इतकी शांत मुलगी मी बावीस वर्षांत बघितली नव्हती. तिची आई मनाली शांती नगरातल्या साडीच्या दुकानात फॉल-बीडिंगचं काम करते, बाप नीलेश भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी पॉलिश करतो. दोघं रत्नागिरीकडची, इथे गोदूबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात. आईबाप कामावर गेले की सान्वी गोदूबाईंच्या ओटीवर. वीस महिन्यांचं पोर चहात बुडवलेली दोन बिस्किटं खाऊन दिवसभर एका जागी बसायचं, मागायचं नाही, रडायचं नाही. गोदूबाई सगळ्यांना सांगायच्या, "अशी गुनाची पोर देवानं मना एक तरी द्याला हवी व्हती." मनालीही खूश होती. आणि मी? मी तीन महिने शेऱ्याच्या रकान्यात लिहीत होते, शांत. शांत. शांत.

त्यानंतर ती मंडळी दोन महिने गावी गेली. तिथे सान्वीला जुलाब झाले, ताप आला, आणि परत आली ती आणखी शांत होऊन. त्या दिवशी आमच्या मदतनीस सुलूच्या हातून ताटल्यांची चळत फरशीवर पडली. मी जागच्या जागी उडाले, अठरा पोरं एकदम भोकाड पसरून रडायला लागली. सान्वीने फक्त डोळे तिकडे वळवले, मग परत आणले. मी तिचा हात हातात घेतला. जून महिन्यातल्या फरशीइतका गार. दंडाला घेर मोजायची पट्टी लावली तर ती लाल पट्ट्यात गेली, म्हणजे तीव्र कुपोषण. वजन सहा किलो चारशे. त्या वयाच्या पोराचं दहाच्या आसपास हवं.

मला आधी मनालीचा राग आला, मग गोदूबाईंचा, मग मी वही उघडून माझेच तीन शेरे बघितले आणि कुणावर ओरडावं ते कळेना. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

मुलांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नीरज म्हणून एक तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी सान्वीला उलटंपालटं करून तपासलं. अंग गार, कातडी कोरडी, केस विरळ, पोट साफ होत नाही, हालचाल मंद. म्हणाले, जन्मापासूनचा थायरॉईडचा काही दोष राहून गेलाय का ते बघून घेऊ, रक्त पाठवतो. सुई टोचली तेव्हा सान्वीने तोंड वाकडं केलं आणि तेवढ्यावरच सोडून दिलं. मग त्यांनी एक पाकीट फोडलं. शेंगदाणे, दुधाची पावडर, साखर आणि तेल असा घट्ट गोड लगदा असतो त्यात, अशा मुलांसाठीच बनवलेला. चमच्याने पुढे केला तर सान्वीने जीभ बाहेर काढून चाटला, मग आणखी चाटला.

"भूक आहे," डॉक्टर म्हणाले. "हे खाल्लं नसतं तर मी आत्ताच दाखल करून घेतलं असतं. तरी मला वाटतं चौदा दिवस वॉर्डात ठेवावं."

मनालीचा चेहरा पडला. घरी सासू नाही, नणंद नाही, नीलेशची पाळी सकाळची. मी मध्ये बोलले. मध्ये बोलणं हा माझा दुसरा आजार. म्हणाले, "डॉक्टर, घरी ठेवू द्या. दिवसाची तीन पाकिटं सहा वेळा करून तिच्या पोटात जातील, दर शुक्रवारी मी वजन करून तुम्हाला कळवीन. जबाबदारी माझी."

"ताई, अशी मुलं वरून शांत दिसतात आणि एखाद्या तापात हातातून जातात," ते म्हणाले. "वजन चढायलाच हवं. नाही चढलं तर मी कुणाचं ऐकणार नाही."

पहिल्या शुक्रवारी वजन भरलं सहा किलो सहाशे. दोनशे ग्रॅम चढलं होतं. मी सुलूला म्हणाले, बघ, जबाबदारी कशी घेतात ती. सुलू ताटल्या लावत राहिली. ती शहाणी आहे.

दुसऱ्या शुक्रवारी सुई थांबली सहा किलो पाचशेवर.

मी काटा शून्यावर आणून परत टांगलं. पाचशे. हुक बदलला. पाचशे. सान्वी चड्डीत बसून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. पाकिटं संपली होती की नाही म्हणून मी मनालीला विचारलं, तर तिने पिशवीतून रिकामी पाकिटं काढून दाखवली. दिवसाला तीन अशी मोजून होती, आणि आतून इतकी स्वच्छ की जणू धुऊन ठेवलेली. मग पोट बिघडलं का, ताप आला का? तर नाही. मनाली खाली बघत होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबतो, ते तुमच्या शब्दाखातर. तेव्हा चढलं नसेल तर पिशवी भरूनच आणा तिला.

माझी झोप उडाली. दुपारी अंगणवाडी बंद केली आणि न सांगता गोदूबाईंच्या घराकडे निघाले.

गोदूबाई म्हणजे राईतल्या जुन्या आगरी घरातल्या. एके काळी त्यांची भातशेती होती आणि मिठागरही. आता शेतावर सात मजल्यांची इमारत उभी आहे आणि मुलगे तिच्यात राहायला गेलेत, पण गोदूबाई लिफ्टला घाबरतात म्हणून खालीच राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दात चार. मी गेले तेव्हा त्या ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर सान्वी. गोदूबाईंच्या हातात पाकीट होतं. त्यांनी ते मधोमध फाडलं, उलगडून सपाट केलं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जीभ फिरवली. डोळे मिटलेले. सान्वी त्या जिभेकडे बघत होती. पाकीट आतून इतकं स्वच्छ का असतं ते मला कळलं.

"गोदूमावशी," मी म्हणाले. कसा आवाज निघाला माहीत नाही, पण समोरच्या आवारातला कुत्रा उठून गेला.

गोदूबाई मुळीच घाबरल्या नाहीत. "ये, वासंते. बस. ब्येस हाय गो हा लगदा. दातांना तरास न्हाय."

"पोरीच्या तोंडचा घास खाताय तुम्ही. लाज नाही वाटत?"

"मी कशाला तिचा घास खावं? तिची आयस मना देते. म्हनते, आजी, पोरीला शेंगा चालत न्हाय, तुमी खावा, टाकाचं कशाला. मंग मी खाते. सकाली एक, दुपारी एक, चारला एक." त्या विचारात पडल्या. "मना आता मुलाकडं जिना चढताना दम पन लागत न्हाय."

मनाली त्या दिवशी काम घरी घेऊन आली होती; आतून येणारा शिलाई मशीनचा आवाज थांबला. ती दारात आली. मी तिच्याकडे वळले आणि मग मला जे जे येतं ते सगळं मी बोलले. शिकली आहेस ना तू, बारावी झालीस ना, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, माझा शब्द गेला, माझं सोड, पोर हातातून गेली असती. शेंगदाणे चालत नाहीत हे तुला कुठल्या दीडशहाण्याने सांगितलं? नाव सांग त्याचं, मी आत्ता त्याच्या घरी जाते.

मनाली आत गेली. परत आली ती हातात एक कागद घेऊन. तिने तो माझ्यापुढे धरला.

कागद झेरॉक्सचा होता, प्लास्टिकमध्ये घालून जपलेला. वर लिहिलं होतं, थायरॉईडवाल्यांनी काय खाऊ नये. खाली कोबी, फ्लॉवर, मुळा, सोयाबीन, बाजरी, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं, शेंगदाणे पूर्ण बंद. अक्षर वळणदार होतं. अक्षर माझं होतं. तळाला लिहिलं होतं, सौ. वासंती आत्माराम शिगवण, आणि त्यावर अंगणवाडीचा गोल शिक्का.

आता हा कागद कुठून आला ते सांगायलाच हवं. आठ वर्षांपूर्वी मला थायरॉईड निघाला तेव्हा लॅबच्या रांगेत शेजारी हंसाबेन म्हणून एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला हे सगळं तोंडी सांगितलं आणि मी लॅबच्या बिलामागे उतरवून घेतलं. घरी येऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं, केबिन रोडवर पन्नास प्रती काढल्या आणि राईत ज्या ज्या बाईला थायरॉईड निघाला तिला एकेक दिली. शिक्का मारला, कारण शिक्का नसेल तर बायका कागदात वडे गुंडाळतात. सल्ला कुणाचा, खरा की खोटा, हे मी हंसाबेनना विचारलं नाही. त्यांच्या हातात रिपोर्टची फाईल जाड होती, मला तेवढं पुरे झालं.

"तुला कुणी दिला हा?" मी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"तुम्हीच, बाई. माझ्या डिलिव्हरीच्या आधी मला वाढलेला होता ना थोडा, तेव्हा," मनाली म्हणाली. "सान्वीचा रिपोर्ट आला ना, यांच्या मोबाईलवर. थायरॉईड प्रोफाईल असं वरती लिहिलेलं. त्यात टी थ्रीच्या पुढे काळ्या अक्षरात लो. मला टेन्शन आलं. यांनी केबिन रोडवरून आयोडीनचं पॅकेटवालं मीठ पण आणलं लगेच, आजींचं जाडं मीठ बंद केलं."

"मिठागरवालीच्या घरात इकतचं मीठ," गोदूबाई म्हणाल्या. "दोन दिस मी बोलले न्हाय त्यांच्यासंगं."

"पण मला का नाही विचारलंस? डॉक्टरांना का नाही?"

मनालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डॉक्टरांचा नंबर लागत नव्हता. तुम्हाला विचारायला आलेली मी सोमवारी, अंगणवाडीत. तुम्ही सुलूताईंना झापत होता गॅसवरून. मी म्हटलं, बाई, एक मिनिट. तुम्ही म्हणालात, आत्ता माझ्यासमोर कुणी यायचं नाही. मग मी घरी गेले. म्हटलं, बाईंचा कागद आहे ना, शिक्का पण आहे. मग हिला पेज देत होते, नुसती, मऊ करून."

मला तो सोमवार आठवला. सुलूने दूध उतू घालवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर दारात उभी असलेली मनाली आली, पायात चपला तशाच, आणि मी हात हलवून तिला घालवतेय. मी ओटीच्या कडेला बसले. माझी लाज मला पुरून उरली. राग आला की माणसं पळतात याची मला आजवर गंमत वाटत होती. प्रश्न घेऊन आलेलं माणूसही पळतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"बाई," मनाली हळूच म्हणाली, "तुमच्या गोळीतला पाव तुकडा तिला दिला तर? तुमची ही तीच ना?"

मी तिथूनच डॉक्टर नीरजना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. सगळं सांगितलं, कागदाचंही. शिक्क्याचंसुद्धा. ते म्हणाले, "पहिली गोष्ट, गोळीचा तुकडा, चुरा, काहीही द्यायचं नाही. तिच्या मेंदूकडून थायरॉईडला जो हुकूम जातो, त्याचा आकडा बरोबर आहे. टी फोरही ठीक आहे. ग्रंथी आजारी नाही. खायला कमी पडलं म्हणून शरीराने स्वतःच टी थ्री, म्हणजे शरीर जोरात चालवणारा थायरॉईडचा रस, कमी केलाय. जगता यावं म्हणून. गोळी देऊन तो वाढवायला गेलात तर आहे तेवढंही जळून जाईल. खाऊ घाला. वजन वाढलं की तो आपोआप वर येईल. हे सगळं सांगायला मी रिपोर्टच्याच दिवशी तिच्या बाबांना फोन केला होता, कुणी उचलला नाही."

"हे कारखान्यात असतात तेव्हा मोबाईल लॉकरमध्ये असतो," मनाली म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला अर्धंच कळलं होतं. मी म्हणाले, "सिलेंडर संपत आला आणि दुसरा कधी येईल ठाऊक नाही, तर तू काय करतेस?"

"गॅस बारीक करते. पाणी तापवणं बंद करते. फक्त भात आणि आमटी."

"सान्वीने तेच केलंय. हातपाय गरम ठेवणं बंद, खेळणं बंद, केस वाढवणं बंद. रडणंसुद्धा बंद, त्यालाही ताकद लागते. नुसतं हृदय आणि श्वास चालू ठेवलाय बारीक आचेवर. आपण सगळे म्हणतोय काय गुणी मुलगी."

मनालीने सान्वीला गोदूबाईंच्या मांडीवरून उचललं आणि घट्ट धरलं. ती रडायला लागली. सान्वी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे शांतपणे बघत होती, आणि त्या शांतपणाची मला त्या क्षणी इतकी भीती वाटली की मीही डोळे पुसले. गोदूबाईंनी हातातलं पाकीट पाठीमागे लपवलं.

"मना काय ठावं," त्या पुटपुटल्या. "मी म्हनायची, पोर तरास देत न्हाय."

"मीही वहीत तेच लिहिलं, मावशी," मी म्हणाले.

मग आम्ही तिघींनी आठवडा ठरवून टाकला. मनालीने आठवडाभराच्या सगळ्या साड्या दुकानातून घरी आणल्या. मी सकाळी अंगणवाडीत आणि दुपारी ओटीवर, अशी दोन वेळा हजेरी लावत होते. पाकीट गोदूबाईंनी फोडायचं, सान्वीला चाटवायचं, आणि रिकामं पाकीट न चाटता माझ्याकडे द्यायचं. ही शेवटची अट त्यांना फार जड गेली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "वासंते, मी वास तरी घेऊ का?" वासाला मी परवानगी दिली.

मनालीसाठी मी माझा अर्धा तासही मोडला. सकाळी गोळी घेतली की चहाआधीच तिचा फोन यायचा, रात्री किती खाल्लं ते सांगायला, आणि मी गोड आवाजात बोलायची. आत्माराम गॅसजवळून वळून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना.

मंगळवारी मी ओटीवर गेले तेव्हा सान्वीचे पाय कोमट होते. बुधवारी पाकीट संपल्यावर तिने गोदूबाईंचं बोट धरून ओढलं, आणखी हवं म्हणून. गुरुवारी तिने मांजराकडे बघून काहीतरी म्हटलं. एवढंच. मला रात्रभर वाटत होतं की हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत, काटा काय म्हणेल तेच खरं. शब्द मी दिला होता, कागद मी वाटला होता. उद्या आकडा खाली गेला तर तिची पिशवी मला भरावी लागणार होती.

शुक्रवारी सकाळी दहाला मनाली सान्वीला घेऊन आली. मागून गोदूबाई, नवं लुगडं नेसून. मी काटा शून्यावर आणला, चड्डी हातात घेतली आणि सान्वीला तिच्यात बसवायला गेले.

तिने लाथ मारली.

मला वाटलं चुकून लागली. परत पाय आत घालायला गेले, तर तिने पाठ ताठ केली, तोंड उघडलं आणि असा काही आवाज काढला की बाहेर पोषण आहाराची खिचडी ढवळणारी सुलू पळी घेऊन आत आली. कसंबसं तिला चड्डीत कोंबलं. ती हुकाला लटकून गरगर फिरायला लागली, हात झाडत, पाय झाडत. सुई सहा किलो चारशेवर गेली, तिथून सव्वासातवर, तिथून परत खाली. मी चष्मा सावरून बघतेय तोवर तिने तो काढून घेतला आणि फेकला.

"बाई, किती भरलं?" मनालीने विचारलं.

"कसं सांगू? थांबेल तेव्हा ना."

ती थांबेना. आम्ही खुळखुळा वाजवला, सुलूने मांजराचा आवाज काढला, गोदूबाईंनी जुनं आगरी लग्नगाणं म्हटलं, त्याने तर ती आणखी चिडली. दहा मिनिटं झाली तरी आकडा हाती लागेना. तिकडे डॉक्टर फोनची वाट बघत होते. शेवटी मला मोठ्या माणसांच्या वजनाचं यंत्र आठवलं, गरोदर बायकांसाठी ठेवलेलं. पोर घेऊन उभं राहायचं, मग पोराशिवाय, आणि वजाबाकी करायची. पण चिडलेली सान्वी आईकडेही जाईना. तिला पाहिजे होत्या गोदूबाई, कारण पाकीट त्यांच्याकडे असतं.

"मी न्हाय त्या यंत्रावर चढनार," गोदूबाई म्हणाल्या. "माजं वजन सगल्या गावाला कलंल."

"कुणाला कळणार नाही. मी वहीत लिहिणार नाही."

"शपथ घे."

मी शपथ घेतली. त्या सान्वीला घेऊन यंत्रावर उभ्या राहिल्या. एकसष्ट किलो तीनशे. मग सान्वीला मनालीने ओढून घेतलं, ती पुन्हा भोकाड पसरून रडली, आणि गोदूबाई एकट्या उभ्या राहिल्या. चोपन्न किलो चारशे. गेल्या महिन्यातल्या वृद्धांच्या शिबिरात त्यांचं वजन बावन्न भरलं होतं, हे मला आठवत होतं. मी शब्दाला जागले, काही बोलले नाही.

एकसष्ट तीनशेतून चोपन्न चारशे गेले. मी बोटांवर केलं, मग कागदावर केलं, मग सुलूच्या मोबाईलवर. सहा किलो नऊशे. चारशे ग्रॅम चढले होते.

मी डॉक्टरांना फोन लावला, पण त्यांना आकडा ऐकूच येईना, मागे सान्वीचा सूर लागला होता. ते म्हणाले, हे कोण रडतंय? मी म्हणाले, तीच. ते म्हणाले, मग आकडा सावकाश पाठवा, घाई नाही.

पुढे सहा आठवड्यांनी त्यांनी रक्त परत तपासलं. टी थ्री जागेवर आला होता, गोळीचा एक कणही न देता. त्या दिवशी मी धीर करून माझ्या कागदाचं विचारलं. ते म्हणाले, ताई, तुम्हालाही एवढी बंधनं नकोत, गोळी वेळेवर घेता ना, मग बेताने खा सगळं. म्हणजे आठ वर्षं मी साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय गिळत होते, आणि माझ्याबरोबर पन्नास बायका. त्या पन्नास प्रती मी दारोदार जाऊन परत घेतेय. अजून एकोणीस मिळायच्यात. हंसाबेन कुठे राहतात ते मला ठाऊक नाही, हे त्यांचं नशीब.

पण मला विचाराल तर सान्वी वाचली हे मला रिपोर्टवरून कळलं नाही. ते त्या शुक्रवारीच कळलं. सगळे निघताना मी वही पुढे ओढली. मनाली दारात चपला घालत होती, सान्वी तिच्या कडेवरून माझ्या चष्म्याकडे हात करून ओरडत होती.

"बाई, ही आता असाच त्रास देणार का हो?" मनालीने विचारलं.

"वासंतीचा थायरॉईड लागला पोरीला," गोदूबाई म्हणाल्या.

मी सान्वीच्या नावापुढे वजन लिहिलं. त्याच पानावर वर माझ्याच अक्षरात तीन वेळा लिहिलं होतं, शांत. मी त्याखाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, बोंबलते. आणि आमच्या अंगणवाडीचा गोल शिक्का काढून त्यावर मारला.